निळी बोटं

निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यात निळ्याचा लॉट आला आणि सिल्वाशाजवळच्या नरोलीत सूतकारखान्याच्या रंगखात्यातल्या बायांचे हात कोपरापर्यंत निळे झाले. लाल आला असता, पिवळा आला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सुरतेच्या कुठल्याशा व्यापाऱ्याला गडद निळंच सूत हवं होतं, तेही पाच दिवसांत. म्हणून पाळ्याबिळ्या मोडीत निघाल्या. सकाळी सातला आत जायचं आणि दिवेलागणीला बाहेर पडायचं.

काम सांगायला सोपं होतं. सुताच्या लड्या बांबूवर टांगायच्या, कढत रंगाच्या हौदात बुडवायच्या, वर काढायच्या, पिळायच्या, पुन्हा बुडवायच्या. करणाऱ्याच्या खांद्याचं काय होतं ते करणाऱ्यालाच ठाऊक. रबरी हातमोजे दिवाळीला मिळाले होते, ते होळीपर्यंत कसेबसे टिकले. नंतर कोणी मोजे मागितले की जयवंत मुकादम म्हणायचा, "बोटं जागेवर आहेत ने? मग काम करा."

कावेरी त्या बायांमध्ये तिशीतली. नऊ वर्षांपूर्वी साक्रीकडच्या एका खेड्यातून नवऱ्याबरोबर, नवनाथबरोबर, ती इथे आली. सासू मंजुळाबाई मागाहून आली. नवनाथ त्याच खात्यात शेवटच्या धुण्याच्या हौदावर होता. कारखान्यामागच्या चाळीत त्यांची खोली होती. संध्याकाळी कावेरी भाकरी थापायला बसली की परातीतल्या पांढऱ्या पिठावर तिचे निळे हात नको इतके उठून दिसायचे. रंग भाकरीला लागत नव्हता, कातडीत पार मुरलेला होता. तरी मंजुळाबाई भाकरी उलटसुलट करून बघायचीच.

"बघा, बघा. तुमच्या पोराचेही असेच आहेत," कावेरी म्हणायची.

चाळीमागे एक विहीर होती. कारखान्याचं रंगीत पाणी ज्या चरातून वाहायचं तो चर त्या विहिरीला खेटूनच जायचा. त्यामुळे आत कुठला लॉट चालू आहे ते बघायला कारखान्यात जावं लागत नसे, विहिरीत पोहरा सोडला की कळे. स्वतःच रंगवलेलं पाणी स्वतःच भरायचं, अशी ती तऱ्हा होती. पिण्याचं पाणी बाया पाऊण मैलावरून, शाळेजवळच्या हापशावरून आणत.

त्या पाण्यावरूनच यंदाच्या पंचायतीच्या निवडणुकीला तोंड फुटलं होतं. छत्री निशाणीचा उमेदवार कारखान्याच्या शेठच्या मर्जीतला. कंदील निशाणीवाला म्हणत होता, चर बंद करू, चाळीला हापसा देऊ. त्याचा सगळा प्रचार भास्कर नावाचा नरोलीतला सायकल दुकानदार करायचा. पोरगा तळमळीचा होता. एका संध्याकाळी तो विहिरीच्या काठावर उभा राहून चाळीतल्या बायांना म्हणाला होता, "बहिणींनो, हे पाणी तुमच्या पोरांनी का प्यायचं?" कावेरीने त्याच वेळी मनाशी ठरवून टाकलं. पण ती कोणाजवळ बोलली नाही. नवनाथजवळसुद्धा नाही.

मत देण्याचं तिला इतकं का पडलं होतं, तर त्यालाही कारण होतं. लग्नानंतर गावाकडे एकदा ती मतदानाला गेली होती, चांगली नवी चोळी घालून. ओट्यावर बसलेल्या पाटलाच्या पुतण्याने तिला वरपासून खालपर्यंत बघून सांगितलं, "तुझं पडलं मत. जा घरी." ती निमूटपणे घरी आली होती. ते निमूट येणं तिला पुढे कितीतरी वर्षं टोचत राहिलं. मग इथे आल्यावर गावच्या यादीतून नाव गेलं आणि इथल्या यादीत येईना. यादीवाला मास्तर दोनदा चाळीवरून तसाच पुढे निघून गेला, भाड्याने राहणारी माणसं कोण मोजतो म्हणून. तिसऱ्यांदा कावेरीने त्याच्या सायकलीचं हँडल धरलं आणि नाव लिहून होईपर्यंत सोडलं नाही. रेशनकार्ड नव्हतं, खोली दुसऱ्याची, कारखान्याच्या पासावर नुसतं 'हेल्पर'. ती इथे राहते असं सांगणारी, यादीतली ही एवढी एकच ओळ सगळ्या मुलखात होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी जयवंत हौदापाशी आला. हा मूळचा नाशिककडचा, आमलीत पक्कं घर बांधून राहिलेला. गुजराती, हिंदी, मराठी सगळं एकाच भांड्यात शिजवून बोलायचा.

"मताच्या चिठ्ठ्या माझ्याकडे द्या सगळ्यांनी. उद्या बपोरे टेम्पो निघेल. एक तासात मत मारून वापस. छत्री. बाकी कुठे बघायचं नाय."

बायांनी कमरेच्या पिशव्यांतून चिठ्ठ्या काढून दिल्या. कावेरी लडी पिळत राहिली.

"तुझी?"

"माझी माझ्याजवळ राहू द्या. मी उद्या आणीन."

"का? माझ्याकडे खराब होणार हाय?"

"तुमच्याकडे कशाला? नाव तर माझं आहे."

जयवंतने डोळे वटारले, पण लॉट अर्ध्यावर होता आणि लडी तिच्या हातात होती. तो पुढे गेला. संध्याकाळी नवनाथने तिच्यापुढे हात जोडायचेच बाकी ठेवले. दोघंच असली की ती आपल्या अहिराणीत बोलत.

"कसाले त्याना तोंडे लागस? दी टाक ना चिठ्ठी. कागद तर शे."

"कागद शे तर त्याले कसाले पाहिजे?" कावेरी म्हणाली.

नवनाथ वाईट माणूस नव्हता. घाबरट होता आणि त्याला ते माहीत होतं. तो भाकरीचा तुकडा मोडून खायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोतून बारा बाया शाळेपाशी उतरल्या. पुरुषांना जयवंतने दुसऱ्या खेपेला ठेवलं होतं. ऊन असं होतं की टेम्पोच्या लोखंडी कडीला हात लावायची सोय नव्हती. जयवंतने उतरताना प्रत्येकीला तिची चिठ्ठी दिली आणि स्वतः चुन्याच्या रेघेबाहेर चहाच्या टपरीत जाऊन बसला.

रांगेत सर्वांत पुढे तानूबाई होती. पन्नाशी ओलांडलेली, चाळीतल्या सगळ्यांची मावशी. तिच्यामागे कावेरी. वर्गात तीन बाकं जोडून सरकारी माणसं बसली होती. केंद्राध्यक्ष रघुनाथ पेडणेकर, मूळचे कोकणातले, सिल्वाशातल्या शाळेत गणित शिकवायचे. माणूस सरळ, पण नियमाच्या पुस्तकात बोट घालून बसलेला. शेजारी बोटाला शाई लावायला अलकाबाई, त्याही शिक्षिकाच. भिंतीकडेला उमेदवारांचे एजंट. छत्रीवाला पेंगत होता. कंदिलाकडून स्वतः भास्कर बसला होता, ताठ, जागा, हातात यादी.

तानूबाईचं नाव मिळालं. अलकाबाईंनी तिचा डावा हात पुढे घेतला आणि थांबल्या.

"मावशी, शाई आधीच लागलीय की."

"शाई नाही बाई, रंग आहे. कारखान्याचा."

अलकाबाईंनी बोट उलटसुलट करून पाहिलं. नखाच्या कडेला, पेराच्या चिरांत गडद जांभळट निळं बसलं होतं. शाईची रेघ जिथे ओढायची तिथेच तर सगळ्यात जास्त. त्यांनी पेडणेकरांकडे पाहिलं. तोवर भास्कर उठून उभा राहिला होता.

"साहेब, माझी हरकत आहे. आत्ता एका टेम्पोतून बारा बाया उतरल्या, मी खिडकीतून बघितलं. बारा जणींची बोटं रंगवलेली. मुकादमाने आणल्यात. आधी शेजारच्या सायली गावच्या केंद्रावर मत मारून आल्या असतील, आणि शाई झाकायला वरून रंग फासलाय."

"फासलाय?" तानूबाई म्हणाली. "तू ये बाबा एक दिवस फासायला."

पेडणेकरांनी चष्मा काढून कावेरीचाही हात बघितला. मग मागच्या दोघींचा. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचा गोंधळ होता. ते खोटं बोलत नव्हते.

"हे बघा, रंगाखाली शाई आहे की नाही हे मला दिसत नाही. बोटावर खूण असेल तर मतपत्रिका देता येत नाही. खूण नाही याची माझी खात्री व्हायला हवी, आणि ती होत नाहीये."

"दहाही बोटं बघा ना साहेब," कावेरी म्हणाली. "कोपरापर्यंत आहे. एवढी शाई कोणी लावतं का?"

"म्हणूनच तर कोपरापर्यंत लावली," भास्कर म्हणाला. "संशय येऊ नये म्हणून."

कावेरीने त्याच्याकडे पाहिलं. हाच विहिरीच्या काठावर 'बहिणींनो' म्हणत होता. तेव्हा त्याने चेहरे बघितलेच नसावेत, किंवा तेव्हा ते हात पदराखाली होते. तिला संताप आला. एक शब्द तिच्या जिभेच्या टोकाशी आला होता. ती हळूच 'कंदील' म्हणाली असती तर याच पोराने हरकत गिळून तिला मानाने पुढे जाऊ दिलं असतं. पण मग ते मत कसलं? तोही जयवंतसारखाच चिठ्ठी मागत होता, फक्त त्याला ते कळत नव्हतं. तिने तो शब्द दाताखाली धरला.

"साहेब, बोट स्वच्छ धुऊन आणलं तर?"

पेडणेकर विचारात पडले. "स्वच्छ दिसलं तर देईन. पण पाचच्या आत रांगेत असायला हवं."

"हे सगळ्यांसमोर म्हणालात तुम्ही," कावेरी म्हणाली.

"म्हणालो. मी शब्द फिरवत नाही."

बारा जणी बाहेर हापशावर आल्या आणि घासायला लागल्या. साबण झाला, वाळू झाली, टपरीतून आणलेलं लिंबू झालं, चिंधीवर घेतलेलं रॉकेल झालं. एकीच्या बोटातून रक्त आलं, रंग काही आला नाही. रांगेतले गावचे लोक बघत होते आणि कोणीतरी म्हणालं, "पापं एवढ्यात धुतली जायची नाहीत." हसणंही झालं. बाया मान वर न करता घासत राहिल्या.

जयवंतने टेम्पोचा हॉर्न दाबून धरला. "चला, बसा. झालं मतदान. तासाचे दीड तास झाले."

"आमचं झालं नाही," कावेरी म्हणाली.

"नाय तर नाय. बारा मतं गेली म्हणून छत्री पडणार नाय. लॉट पडलाय तिथे."

हे मात्र बायांना लागलं. काल चिठ्ठ्या गोळा करताना ज्यांच्या मताची एवढी किंमत होती, आज ती हापशावरच्या पाण्यात वाहून गेली तरी याला काही नव्हतं. पण लागलं म्हणून पोट थोडंच थांबतं? सात जणी एकेक करून टेम्पोत चढल्या. तानूबाई आणि आणखी तिघी हापशाच्या कट्ट्यावर बसून राहिल्या.

या रंगाला एकच औषध होतं आणि ते रंगखात्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं. हायड्रो. पांढरी भुकटी, उग्र वासाची. सुतावरचा जास्तीचा रंग काढायला शेवटच्या धुण्यात टाकायची. गावी लग्नकार्याला जायचं असलं की बाया चिमूटभर चोरून कोमट पाण्यात हात बुडवायच्या. रंग जायचा, त्याच्याबरोबर कातडीही जायची, म्हणून वर्षात एकदोनदाच.

कावेरी तानूबाईच्या कानाशी वाकली. "मावशी, इथून उठायचं नाही. रांगेत जाऊन उभ्या राहा. कोणी हुसकलं तरी हलायचं नाही. टपरीवर कोमट पाणी सांगून ठेव."

"आणि तू?"

"मी येते." आणि ती जाऊन टेम्पोत बसली. जयवंतला वाटलं, आली वठणीवर. तो खुशीत शीळ वाजवत होता.

कारखान्यात आल्यावर तिने हौदाशी उभं राहून लड्या बुडवल्या, काढल्या, पिळल्या. पुरुषांची खेप जयवंतने रद्दच करून टाकली होती आणि तो समोरच्या खुर्चीवरून हलेना. भिंतीवरच्या घड्याळात तीन झाले, चार झाले. तिच्या पाठीतून घामाचा ओघळ जात होता आणि ती घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून सारखी बघत होती. सव्वाचारला ऑफिसातून शेठचा फोन आला म्हणून बोलावणं आलं आणि जयवंत उठला. कावेरीने लडी तशीच बांबूवर सोडली.

शेवटच्या हौदावर नवनाथ काठीने सूत हलवत होता. त्याच्याजवळच हायड्रोचा पत्र्याचा पिंप. कावेरीने भाकरीचा डबा रिकामा करून पदराने कोरडा पुसला आणि पिंपाचं झाकण काढलं.

"काय करी ऱ्हायनी?" नवनाथ दबक्या आवाजात म्हणाला. "जयवंत देखी तर दोन्हीनं काम जाई."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? माय घरी बठेल शे. पोटले काय घालसू?"

कावेरी थांबली. तिचा आवाज चढला नाही. "गावले मी ओट्यावरथून परत उनू, तव्हय तुम्ही संगे व्हतात. तुम्ही बी काही बोलनात नही. मी तुमले कधी म्हनं का? आज म्हनस. आज मी परत येवाव नही."

नवनाथने काठी थांबवली. त्याने दाराकडे पाहिलं, मग तिच्या डब्याकडे. मग तो तिच्याकडे पाठ करून पुन्हा सूत हलवायला लागला आणि हौदाकडेच बघत म्हणाला, "दोन मूठ पुरे. पानी लागू देऊ नको त्याले, पेटी जाई. सोडा चिमटीभरच टाक, नही ते हाड दिसाले लागी."

त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच झालं. कावेरीने दोन मुठी हायड्रो डब्यात घेतलं, चिमूटभर सोडा कागदात बांधला आणि मागच्या बाजूला, जिथून रंगाच्या पाण्याचा चर भिंतीखालून बाहेर जातो, तिथून वाकून बाहेर पडली. लुगडं गुडघ्यापर्यंत निळ्या चिखलात भिजलं. डबा तेवढा तिने डोक्यावर धरला होता.

चराच्या कडेकडेने, मग विहिरीवरून, मग डांबरी रस्त्याने ती निघाली. ट्रकमागून ट्रक धूळ उडवत जात होते. चप्पल चिखलातच राहिली होती आणि डांबर तापून मऊ झालं होतं. पळावं तर डबा उघडायची भीती, चालावं तर घड्याळ थांबत नाही. ती पळण्या-चालण्याच्या मधलं काहीतरी करत शाळेपाशी पोचली तेव्हा पाचाला वीस मिनिटं होती.

चौघी जणी रांगेत होत्या. दोनदा त्यांना हुसकलं होतं आणि दोन्ही वेळा तानूबाई खाली बसली होती. बसलेल्या म्हातारीला उचलायचं कोणी हा प्रश्न पोलिसाला सुटला नाही. टपरीवाल्याने घमेल्यात कोमट पाणी दिलं. कावेरीने ते घमेलं वर्गाच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि आत हाक मारली.

"साहेब, बोट धुवायला आले. तुमच्या डोळ्यांसमोर धुते. नंतर म्हणू नका की बाहेरून काहीतरी करून आली."

पेडणेकर उंबऱ्यात आले. मागून अलकाबाई, भास्कर, जागा झालेला छत्रीवाला. कावेरीने पाण्यात सोडा सोडला, मग हायड्रो. नाक चुरचुरणारा वास सुटला आणि सगळे एक पाऊल मागे सरले. तिने डाव्या हाताचं बोट पाण्यात बुडवलं.

पहिल्यांदा काही झालं नाही. मग बोटाभोवती पाण्यात हिरवट धूर निघाल्यासारखं झालं, मग पिवळट. कावेरीने ओठ घट्ट मिटले होते. पेराच्या चिरांतून ते पाणी आत शिरलं की कसं होतं ते बघणाऱ्यांना कळत नव्हतं. तिने अंगठ्याने नखाची कड चोळली, पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. बोट बाहेर काढलं तेव्हा ते पांढरंफटक, सुरकुतलेलं होतं आणि नखाजवळ कातडी सोलून लाल झाली होती. निळ्या हाताला दुसऱ्याच कोणाचं बोट लावल्यासारखं दिसत होतं.

"बघा," ती म्हणाली.

पेडणेकरांनी चष्मा लावून बघितलं. खूण नव्हती.

भास्कर खाकरला. त्याचा आवाज दुपारपेक्षा खाली आला होता, पण तो हट्टाला पेटलेला होता. "साहेब, एवढं जालीम औषध आहे. रंग निघाला तशी खालची शाईही निघाली असेल. मग काय सिद्ध झालं?"

पेडणेकरांनी सावकाश कावेरीकडे पाहिलं. बरोबर होतं त्याचं, नियमाने बघितलं तर. कावेरीने घमेलं पायाने भास्करच्या पुढ्यात सरकवलं.

"तुम्ही सकाळी मत दिलंत ना?"

"दिलं."

"शाई आहे बोटाला?"

त्याने बोट वर केलं. नखावर काळी रेघ होती.

"मग तुमचं बोट घाला यात. शाई निघाली तर मी खोटी. पोलिसात द्या मला."

भास्करने घमेल्याकडे बघितलं, मग तिच्या सोललेल्या बोटाकडे. तो घाबरला होता हे सगळ्यांना दिसलं.

"घाला की," पेडणेकर म्हणाले. "हरकत तुमचीच आहे."

तो उकिडवा बसला आणि त्याने बोट बुडवलं. क्षणात त्याने ते मागे ओढलं.

"एवढ्यात नाही," कावेरी म्हणाली. "मी धरलं तेवढा वेळ धरा. गावी लग्नाला जायचं असलं की आम्हीही एवढा वेळ धरतो."

त्याने पुन्हा बुडवलं. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, पण धरलं. एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. बाहेर काढलं तेव्हा बोट पांढरं पडलं होतं आणि त्याच्यावर काळी रेघ होती तशीच होती, उलट अधिकच ठळक दिसत होती. रांगेतल्या तानूबाईने मोठ्याने नाक शिंकरलं.

पेडणेकरांनी घड्याळ बघितलं. पाचाला आठ मिनिटं कमी होती. "यांचं नाव वाचा," ते आत वळून म्हणाले. "आणि त्या चौघींना घमेल्यापाशी बसवा. पाच वाजता दार लागलं तरी त्या रांगेतच आहेत, हे मी लिहून ठेवतो."

अलकाबाईंनी शाईची काडी उचलली आणि त्या घुटमळल्या. "इथे कातडी गेलीय हो. झोंबेल. शेजारच्या बोटाला लावू का?"

"नको बाई. याच बोटाला लावा."

शाई सोललेल्या जागी बसली. कावेरीने मतपत्रिका घेतली आणि पडद्याआड गेली. छत्री होती. कंदील होता. आणखी दोन चित्रं होती, त्यांचं कोणी नावही घेतलं नव्हतं. ती बराच वेळ शिक्का हातात धरून उभी राहिली. त्या संध्याकाळी विहिरीपाशी मनाशी ठरवलेलं होतं ते आणि आज दुपारपासून जे झालं ते, दोन्ही तिच्यापुढे होतं. तिथे तिला चल म्हणणारं कोणी नव्हतं आणि तुझं पडलं म्हणणारंही कोणी नव्हतं. मग तिने शिक्का मारला, घडी घातली आणि बाहेर येऊन कागद पेटीत टाकला. कोणत्या चित्रावर मारला ते तिने पुढे आयुष्यात कोणाला सांगितलं नाही. नवनाथने एकदोनदा विचारून बघितलं. मंजुळाबाईने तर रुसूनही बघितलं.

तानूबाई आणि त्या तिघींचं होईपर्यंत सव्वापाच झाले. पाचही जणी सोललेलं बोट वर धरून शाळेच्या पायऱ्या उतरल्या, कारण खाली धरलं की ठणकायचं. दुपारी पापाची भाषा करणारे लोक टपरीवर अजून होते. या खेपेला कोणी हसलं नाही.

जयवंत दुसऱ्या सकाळी गेटवर उभा होता. नवनाथला त्याने आत सोडलं आणि कावेरीपुढे हात आडवा केला. "तू नाय. हायड्रो शेठच्या बापाचा होता काय?"

"शेठचाच होता. दोन मूठ," कावेरी म्हणाली. "रंग पण शेठचाच होता. त्याचा त्यालाच परत केला मी."

तानूबाईला आणि तिघींनाही त्याने बाहेरच ठेवलं. पाचही जणी रोज सकाळी सातला गेटसमोर येऊन बसत आणि दुपारी उठून जात. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पाचव्या दिवशी सुताच्या गाठोड्यांचा ढीग दाराबाहेर आला, तेव्हा जयवंत स्वतः बाहेर येऊन, कोणाकडेही न बघता म्हणाला, "चला, लवकर लवकर." त्या उठल्या, पण आत जायच्या आधी कावेरीने मोजे मागितले. त्याने शिव्या घातल्या. दुपारी पाच जोड मोजे आले.

त्या पाच दिवसांतच मोजणी झाली होती. कंदील चार मतांनी पडला.

ही बातमी चाळीत आली तेव्हा बायांनी आपापसांत बोटं मोजली. टेम्पोत बसून परत गेलेल्या बाया सात होत्या.

मोजणीनंतर दोन दिवसांनी भास्कर आला. कावेरी विहिरीपाशी धुणं धूत होती. पोहऱ्यातलं पाणी आता हिरवं होतं, नवा लॉट चालू झाला होता. तो विहिरीच्या काठावर उभा राहिला, त्याच जागी. डाव्या हाताच्या बोटाला त्याने चिंधी बांधली होती. चेहरा पार उतरला होता.

"ताई, माझ्याकडून चूक झाली," तो म्हणाला.

"झाली," कावेरी म्हणाली. तिने लुगडं पिळलं.

"मला दोन रात्री झोप नाही. एकच विचारायचंय. खरं सांगा. त्या परत गेलेल्या सात जणी, त्या आमच्या होत्या का?"

कावेरीने पिळलेलं लुगडं दगडावर ठेवलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. तिला त्याची कीव आली. राग होता तोही गेला नव्हता.

"तुम्ही अजून तेच विचारता, भाऊ," ती म्हणाली. "त्या तुमच्या नव्हत्या. जयवंतच्याही नव्हत्या. त्या त्यांच्या त्यांच्या होत्या."

मग तिने दुसरं लुगडं पाण्यात बुडवलं.